दोनदा सांगितलेलं नाव

बारशाला अंगणात धनगरी ढोल घुमला आणि पाळण्यातली पोर दचकून जागी झाली, तेव्हा सगळ्या घराचा जीव भांड्यात पडला. उत्कर्षाचा मात्र पडला नाही.

पोर जन्मली सांगलीच्या दवाखान्यात. घरी सोडायच्या आधी तिथल्या बाईंनी तिच्या कानात मऊ बोंडाची बारीक वायर घालून तपासणी केली होती. दोन्ही कान पास झाले नाहीत. कधीकधी कानात पाणी राहतं म्हणून असं होतं, पण महिन्याच्या आत परत आणा, असं त्यांनी बजावून सांगितलं होतं. आटपाडीकडच्या घरी आल्यावर सासूबाईंनी, तानुबाईंनी, तो विषयच बाजूला सारला. सव्वा महिना बाळंतीण उंबऱ्याबाहेर पडत नाही आणि आपल्या घरात बहिरं कुणी झालेलं नाही, असं त्यांचं म्हणणं. उत्कर्षानं हट्ट धरून नवऱ्याला, रविराजला, गाडी तेवढी सांगून ठेवायला लावली होती.

बारशाला नणंद दीपमाला पाळण्यावर वाकली. रीतीप्रमाणे पोरीच्या कानाशी तोंड नेऊन तिनं 'कुर्रर्र' केलं, संयोगिता हे नाव सांगितलं आणि बायकांनी तिच्या पाठीत हक्काचे धपाटे घातले. एवढा गलका झाला, तरी पोर गाढ झोपलेली. उत्कर्षा टक लावून बघत होती. पोरीची पापणीसुद्धा हलली नाही.

मग सासऱ्यांनी ढोल गळ्यात घातला. पहिल्याच थापेला पोर हातपाय झाडत उठली.

"बघितलंस?" तानुबाई म्हणाल्या. "लय तिखट कान हाईत माझ्या नातीचं."

रविराज मोकळं हसला. गाडी नको म्हणून सांगायला त्यानं फोन काढला. उत्कर्षानं तो त्याच्या हातातून अलगद काढून घेतला.

"आई, जरा हिकडं या. दोन्ही कान तळव्यांनी गच्च दाबा आन डोळं मिटा."

"आता ह्ये काय थेर काढलंस?"

"एकदाच. मग तुमी म्हणाल तसं."

पाहुण्यांदेखत तानुबाई हसतच कान दाबून, डोळे मिटून उभ्या राहिल्या. सासऱ्यांनी त्यांच्याजवळ येऊन जोरात थाप मारली.

"वाजला का?" त्यांचे हात खाली घेत उत्कर्षानं विचारलं.

"वाजला की."

"कुठं?"

तानुबाईंचा हात आपसूक छातीवर गेला. "कानात कमीच," त्या म्हणाल्या. "हितं जास्त." आणि त्यांचं हसू विरलं.

"तिलाबी तिथंच वाजला असंल. कानाचं काय ते सांगलीतच कळंल. कमी ऐकू येत असलं तर यंत्र लावू, बोलायला शिकवू. लवकर लावलं तर ती चारचौघींसारखी भांडंल बघा तुमच्याशी."

तानुबाई पाळण्यापाशी गेल्या. पोरीच्या कानाच्या पाळीवरून त्यांनी एक बोट फिरवलं. मग न वळताच लेकाला म्हणाल्या, "रवी, फोन कर. गाडी सकाळीच येऊ दे म्हणावं. सव्वा महिन्याचं मी देवाशी बोलते."

सांगलीत पोरीला दूध पाजून झोपवलं आणि कपाळावर, कानांमागे वायरी चिकटवून तपासलं. पुढच्या खेपेला पुन्हा. दोन्ही कानांना फार कमी ऐकू येतं हे पक्कं झालं, तेव्हा उत्कर्षा बाहेरच्या बाकावर बसून पोटभर रडली, तोंड धुतलं आणि आत जाऊन कानाचं माप कधी घेणार ते विचारलं. यंत्रं आली. ती पोरीच्या तोंडात जाऊ नयेत म्हणून तानुबाईंनी त्यांना दोरी वळली, स्वतः कातलेल्या लोकरीची.

यंत्रं लागल्यावर दीपमाला माहेरी आली. सवयीनं तिनं पोरीच्या कानाशी तोंड नेलं, तशी यंत्रानं बारीक शिट्टी मारली आणि दीपमाला तीनताड मागं उडाली.

"आवं ताई, लय जवळ गेलं की वाजतं ते," उत्कर्षा हसत म्हणाली. "कानात न्हाई सांगायचं आता. हातभर लांब बसा आन रोजच्यासारखं बोला."

दीपमाला पाळण्याच्या डोक्याकडं, पोरीला दिसणार नाही अशी बसली. पोर आपली मूठ चोखण्यात दंग होती.

"संयोगिता," दीपमाला म्हणाली.

मूठ थांबली. ओली मूठ तशीच ओठांशी, आणि डोळे मोठे झालेले.

"संयोगिता."

पोरीची मान हळूहळू आवाजाकडं कलायला लागली. तानुबाई दीपमालाच्या मागं आल्या, पदर खोचला आणि तिच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला.