गाडीत हिंदी नको

चिन्मयी गाडी शिकायला बसली त्या दिवशीच गुणवंतरावांनी बजावलं होतं, "गाडीत हिंदी नको. डावीकडे म्हटलं की डावीकडे, उजवीकडे म्हटलं की उजवीकडे."

पोर जबलपुरात जन्मलेली. शाळा हिंदीत, मैत्रिणी हिंदीत. ती हसली होती. "काहून बाबा? स्टेअरिंगला हिंदी समजत नाही का?"

ते हसले नाहीत आणि त्यांनी उत्तरही दिलं नाही. प्रमोदिनीची स्कूटी वाळूवर घसरली, एवढंच चिन्मयीला ठाऊक होतं; तिला जाऊन तेव्हा सात महिने झाले होते. आई गेल्यापासून त्या घरात बरेच प्रश्न असेच पडून राहत.

याला चार महिने झाले. आज परीक्षा होती. अकरा वाजता आरटीओत हजर व्हायचं होतं. चिन्मयी जनावरांची डॉक्टर. जबलपूरजवळच्या पाटनच्या सरकारी दवाखान्यात तिची नेमणूक झाली होती. गावोगाव फिरायचं तर गाडी हवी, आणि गाडीला लायसन्स हवं. पण लायसन्स मिळालं तरी हिला पाटनच्या रस्त्यावर एकटी सोडायची नाही, असं गुणवंतरावांनी तिला तोंडावर सांगितलं होतं. त्यावरून आठवडाभर घरात भांडण चाललं होतं. खरं तर पोर नापास व्हावी, एवढंच ते देवाजवळ मागत होते. असं मागण्याची त्यांना लाजही वाटत होती.

सकाळी नऊला ते शहरातल्या सदर भागाच्या रुंद रस्त्यांवर शेवटचा सराव करायला निघाले. डिसेंबरचं धुकं होतं. ती गाडी चालवत होती, ते शेजारी बसले होते.

"बाबा, परीक्षा घेणारे साहेब हिंदीतच बोलणार. एकदा तरी हिंदीत सांगा ना."

"नको."

"का पण? परीक्षा माझी आहे."

"समोर बघ."

"समोरच बघून राहिले. हा चौक आला. चलो, बोला जल्दी!"

गुणवंतरावांनी दात आवळले. पण पोर म्हणत होती ते खोटं नव्हतं. साहेब काही मराठीत बोलणार नव्हते.

"दाएँ," ते म्हणाले.

चिन्मयीनं गाडी डावीकडे घातली.

डाव्या अंगानं दुधाचे कॅन लटकवलेली मोटरसायकल पुढे निघत होती. चिन्मयीनं ब्रेक दाबला. दूधवाला वाकडा झाला, पाय टेकला, कसाबसा सावरला आणि ओरडला, "ओ दीदी! मरवाओगी क्या?"

तो निघून गेला. गाडी बंद पडली होती. चिन्मयीनं ती सुरू करून कडेला घेतली आणि घाबरून हसली. "मी पण ना! दाएँ म्हणजे उजवीकडे, हे काय मला माहीत नाही? पण चार महिने तुमचं डावे-उजवे ऐकून कानाला दाएँचं डावेच ऐकू आलं."

तिनं बाबांकडे मान वळवली. त्यांचे दोन्ही हात डॅशबोर्डवर घट्ट टेकलेले होते.

"बाबा?"

"तुझी आई वाळूवर घसरली नव्हती," ते म्हणाले.

मग त्यांनी थांबत थांबत सगळं सांगितलं. प्रमोदिनी वर्ध्याची. पंचवीस वर्षं जबलपुरात काढली, बड़ा फुहारा बाजारातल्या कापडवाल्यांशी हिंदीत घासाघीस केली, पण डोकं शेवटपर्यंत मराठीच राहिलं. त्या दिवशी स्कूटी ती चालवत होती आणि ते मागे बसले होते. चौकात डावीकडून ट्रक आला. तिची नजर समोरच्या गाईवर होती. ते ओरडले, "दाएँ काट!" आणि तिनं हँडल डावीकडे वळवलं.

"मी ओरडलो ते ऐकूनच ती वळली. घरात जन्मभर मराठी बोललो तिच्याशी. नेमकी त्या वेळेला तोंडातून हिंदी काहून निघाली, मला अजून समजलं नाही."

चिन्मयी काचेबाहेर बघत राहिली.

"म्हणून हा नियम?" तिनं विचारलं.

"हो."

तिनं गाडी सुरू केली. आरटीओ येईपर्यंत ती एक अक्षर बोलली नाही. प्रत्येक वळणाला इंडिकेटर दिला, प्रत्येक आरशात पाहिलं, फक्त बाबांकडे पाहिलं नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटत राहिलं.

परीक्षेच्या मैदानात घरच्यांना प्रवेश नव्हता. गुणवंतराव तारेच्या कुंपणाशी उभे राहिले. तिथं ते नोकरीला होते त्या फॅक्टरीतले जुने सोबती विष्णुपंत भेटले. ते स्वतःच्या लायसन्सचं नूतनीकरण करायला आले होते.

"कोणती गाडी आपली? ती पांढरी? वा, आठचा आकडा काय सुरेख काढला रे पोरीनं! आमच्या चिरंजीवांनी वळणावर मांडलेले तीन डबे आडवे केले होते, आणि वरून म्हणे डबेच चुकीच्या जागी ठेवले."

गुणवंतरावांचं लक्ष नव्हतं. शेजारी इन्स्पेक्टर बसलेली पांढरी गाडी मैदानातल्या चौकाकडे येत होती, आणि तिच्या मागून परीक्षेचीच दुसरी गाडी. सकाळी जे सांगितलं ते आज सांगायला नको होतं. परीक्षेच्या दिवशी लेकराच्या डोक्यावर एवढं ओझं कोणता बाप टाकतो?

चौकाच्या ऐन मधोमध पांढरी गाडी थांबली.

"अरे, उभी काहून केली? बंद पडली का?" विष्णुपंत म्हणाले.

मागच्या गाडीनं करकचून ब्रेक मारला. दोन गाड्यांमध्ये वीतभर जागा उरली. हॉर्न वाजू लागला. गुणवंतरावांनी तार धरली, काटा तळहातात रुतला तरी त्यांना कळलं नाही. गाडीत इन्स्पेक्टरांचा हात वर गेला, तो रागानं हलत होता. पांढरी गाडी तशीच उभी होती. मग ती हळूहळू उजवीकडे वळली.

वीस मिनिटांनी चिन्मयी कागद घेऊन बाहेर आली.

"फेल."

देवानं मागितलं ते दिलं होतं. गुणवंतरावांना त्याचा काडीचाही आनंद झाला नाही.

"काय झालं तिथं?"

"साहेब म्हणाले, दाएँ मोड़ो. आणि मला कळेचना, बाबा. उजवं कोणतं तेच कळेना. मग मी ब्रेक दाबला आणि म्हटलं, सर, हाथ से बता दीजिए."

"मग?"

"ओरडले. म्हणे, हिंदी नहीं आती? कहाँ की हो? म्हटलं, यहीं की हूँ सर, पर गाड़ी में उल्टा सुनाई देता है."

विष्णुपंत खो खो हसले. "शाब्बास! नापास व्हावं तर असं." त्यांचा नंबर पुकारला गेला आणि ते हसतच आत गेले.

चिन्मयी हसली नाही. "मध्येच थांबवली, मागे पाहिलं नाही. साहेबांचं बरोबर आहे. सात दिवसांनी परत या म्हणाले." तिनं कागदाची घडी घातली. "मला तुमचा राग आलाय, बाबा. ओरडलात त्याचा नाही. सांगितलं नाही त्याचा. वर्ष होत आलं, मी त्या वाळूला शिव्या देऊन राहिले."

गुणवंतरावांनी मान हलवली. डोळे पुसायला हात उचलला तेव्हा तळहाताला रक्त दिसलं. तिनं पर्समधला रुमाल काढून त्यांच्या हाताला बांधला, जरा जास्तच आवळून.

"पास झालीस की पाटनला एकटी जा," ते म्हणाले.

"काय?"

"समजलं नाही तिथं थांबलीस. मला तेवढंच हवं होतं. फक्त पुढच्या वेळी सिग्नल देऊन कडेला थांब. भर चौकात नको."

 मग तिनं गाडीचं दार उघडलं. "ठीक आहे. पण हे सात दिवस गाडीत हिंदी. तुम्ही सांगायचं, मी वळायचं."

"उद्यापासून."

"आजपासून. बसा."

ते बसले. तिनं आधी स्वतःचा पट्टा लावला आणि त्यांनी लावेपर्यंत थांबली. गाडी फाटकाशी आली. समोर वर्दळीचा चौक होता. ती त्यांच्या शब्दाची वाट बघत होती. गुणवंतरावांनी आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे.

"सीधे चलो," ते म्हणाले.