देवळातला आणि गळ्यातला

परळीच्या स्टेशन रोडवर राजेश्वरआप्पांचं भांड्यांचं दुकान होतं. भांडी विकायची, गिऱ्हाईक सांगेल ते नाव त्यांच्यावर मशीनने घालून द्यायचं आणि सोबत दोन गोष्टी सुनवायच्या, हा त्यांचा रोजचा उद्योग. आप्पांचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर. पण तो तिथेच असायचा, खाली पोटात कधी उतरायचा नाही.

त्या दिवशी मात्र उतरला. दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी असताना फोन वाजला. सोलापूरहून मेहुणे बंकटराव बोलत होते. "दाजी, पोरीला शिकिवताय का बिघडिवताय?" एवढं बोलून त्यांनी फोनवर काहीतरी वाचून दाखवलं. आप्पांचे कान तापले. रुद्राणीच्या ईमेलवरून मामाला पत्र गेलं होतं. शिव्या मराठी, अक्षरं इंग्रजी आणि खाली नाव रुद्राणीचं.

रुद्राणी त्यांची एकुलती एक लेक. वय तेरा. दोन हजार एक सालची गोष्ट. गावात कॉम्प्युटर आला होता, पण मुलींना तिकडे पाठवायला लोक कचरत होते. आप्पांनी पाठवलं होतं, आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते ऐकवलंही होतं. आता त्याच गिऱ्हाइकांपुढे त्यांची मान खाली गेली.

घरी आल्या आल्या त्यांनी चप्पल न काढताच विचारलं, "काय लिवलंस मामाला?"

"मी न्हाई लिवलं, आप्पा."

"मग नाव कुणाचं हाय खाली? माझं?"

"शपथ, मी न्हाई लिवलं."

"उद्यापासून क्लास बंद. कॉम्प्युटर न्हाई, न् फिम्प्युटर न्हाई!"

पोरगी जेवली नाही. तिची आई रुक्मिणीबाई भाकरी थापता थापता एवढंच म्हणाली, "बंद करायचा तर करा. पण त्या बाईला एकदा इचारून तरी या." आप्पांना विचारायचं नव्हतं, भांडायचं होतं. पण भांडायला तरी जायलाच हवं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते रुद्राणीला घेऊन निघाले.

क्लास गंगासागरचा. सिद्धारामआण्णांची ही धाकटी सून लातूरला कोर्स करून आली आणि सासऱ्याच्या घराची माडी मागून घेऊन तिने चार कॉम्प्युटर मांडले. माडीवर चपला बाहेर काढाव्या लागत, कारण वीज केंद्राची राख परळीत कुठे शिरत नाही असं नाही. एवढी वीज करणाऱ्या गावात वीज मात्र वाटेल तेव्हा जायची. नेट लावलं की आण्णांचा घरचा फोन बंद पडायचा आणि खालून आण्णा ओरडायचे, "झालं का गं तुमचं?" चारही पडदे गंगासागरने मुद्दाम दाराकडे तोंड करून ठेवले होते. जिन्यातून कुणीही वर आलं की कोणतं पोरगं काय बघतंय ते लगेच दिसायचं. गावातल्या दुसऱ्या नेटच्या ठिकाणी बसायला लाकडी खोके होते, खोक्यांना कापडी पडदे होते. क्लासला रुद्राणीचं नाव घालताना आप्पांना हीच उघडी मांडणी आवडली होती. आज त्यांना काहीच आवडणार नव्हतं.

"शरणार्थ, काका. बसा," गंगासागर हात जोडून म्हणाली.

"बसायला न्हाई आलो." आप्पांनी उभ्यानेच सगळं सांगितलं, आवाज खालच्या आण्णांनाही ऐकू जाईल असा. पोरं टाइप करायची थांबली. रुद्राणी भिंतीशी उभी राहून पायाच्या अंगठ्याने फरशी घासत होती.

गंगासागर शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "काका, मी तुमच्या दुकानातून तांब्या घेतला आन् म्हनलं, याच्यावर रुद्राणीचं नाव घाला. घालाल?"

"घालीन की."

"मग तो तांब्या रुद्राणीचा झाला का?"

उभ्या आयुष्यात आप्पांनी इतकी नावं घातली होती, पण एकदाही कुणाला विचारलं नव्हतं की बाबा, हे नाव तुझंच का.

"आता जरा बसा," गंगासागरने खुर्ची पुढे केली. "रुद्राणी, काकांना तुझी ईमेलची पेटी उघडू देऊ का?" रुद्राणीने मान डोलावली. पडद्यावर तिचं नाव आलं आणि खाली एक रिकामी चौकट. "इथं पासवर्ड लागतो. म्हंजे किल्ली. मला ठाऊक न्हाई. तुमी अंदाज करा."

"मी? मला काय कळतंय ह्यातलं?"

"परळीतल्या पोरीनं काय ठिवलं असंल?"

आप्पांनी विचारसुद्धा केला नाही. नावं घालून घालून इंग्रजी अक्षरं त्यांना पाठ होती. एका बोटाने, एकेक अक्षर शोधत त्यांनी 'वैजनाथ' टाइप केलं. अक्षरं दिसेनात, नुसते ठिपके उमटले, म्हणून एकदा पुटपुटलेही. आणि पेटी उघडली.

समोर लेकीची पत्रं. पाठवलेल्यांत ते शिव्यांचं पत्रही. आप्पांनी कॉम्प्युटरला जन्मात पहिल्यांदा हात लावला होता आणि पहिल्याच फटक्यात ते चोर झाले होते.

"आनखी कुनाचा वैजनाथ हाय?" गंगासागरने पोरांना विचारलं. एक हात वर गेला, मग दुसरा, मग सगळेच. एकटा हरिओम हात खाली ठेवून बसला होता.

"शाब्बास! तुझा न्हाई?"

"न्हाई ताई. माझा हरिओम हाय."

माडी हसून हसून दणाणली. आप्पाही हसले. पण हसता हसता त्यांची नजर भिंतीशी उभ्या असलेल्या पोरीकडे गेली आणि हसू थांबलं. तिने शपथ घेतली होती आणि त्यांनी नावावर विश्वास ठेवला होता, लेकीवर नाही. त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

"चूक माझीबी हाय," गंगासागर म्हणाली. "ध्यानात ऱ्हाईल असं ठिवा, एवढंच मी सांगितलं. काका, आपल्या वैजनाथाच्या देवळात कोण कोण पिंडीला हात लावतं?"

"कुनीबी लावतंय. तेच तर आपल्या देवाचं मोठेपन हाय."

"आन् तुमच्या गळ्यातल्या लिंगाला?"

आप्पांचा हात आपोआप सदऱ्यावरून छातीवरच्या चांदीच्या डबीकडे गेला. जन्मल्यापासून गळ्यात असलेलं इष्टलिंग. रोज सकाळी तळहातावर घेऊन पूजा करायची ती ज्याची त्याने. "त्याला दुसऱ्याचा हात कावून लागंल?" ते चमकून म्हणाले. "बापाच्याबी हातात देत न्हाई आमी."

"पासवर्ड तसा पाहिजे. देवळातला नको, गळ्यातला."

"ए बाई, त्याची न् ह्याची बरोबरी?"

"बरोबरी न्हाई, काका. पोरांना उमजावं म्हनून."

आणि पोरांना उमजलं. रुद्राणीचा हात तिच्या गळ्यातल्या डबीवर होता. आप्पांनी ते पाहिलं.

गंगासागर रुद्राणीजवळ गेली. "हे पत्र तुला कधी दिसलं?"

"चार रोजापूर्वी," ती हळूच म्हणाली. "आप्पा क्लास बंद करतील म्हनून सांगितलं न्हाई."

"किल्ली कुनाला सांगायची न्हाई. पन घरात चोर शिरला तर वरडायचं. त्याच घडीला. मला सांग, आईला सांग, आप्पांना सांग. चोर शिरला म्हनून घरच्याला कुनी मारत न्हाई. व्हय ना, काका?"

हा प्रश्न पोरीसाठी नव्हता, हे आप्पांना बरोबर समजलं. विशी नुकतीच ओलांडलेली ही सून भर वर्गात त्यांचा कान धरत होती आणि त्यांना राग येत नव्हता. उलट वाटत होतं, अशी मास्तरीण आपल्याला मिळाली असती तर आपण चौथीनंतरही शाळेत टिकलो असतो. "न्हाई मारत," ते म्हणाले. "वरडत बी न्हाई."

मग सगळ्या पोरांनी एकमेकांकडे पाठ करून, हाताचा आडोसा धरून नव्या किल्ल्या घातल्या. गंगासागर स्वतः तोंड फिरवून खिडकीपाशी उभी राहिली. ते पत्र कुणी पाठवलं हे शेवटपर्यंत कळलं नाही. पण त्यानंतर कुणाच्या नावाने तसं पत्र गेलं नाही.

संध्याकाळी रुद्राणी दुकानात येऊन बसली. गिऱ्हाईक नव्हतं. आप्पांनी इकडे तिकडे पाहिलं, गल्ल्यावरून पुढे वाकले आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "काय ठिवलंस गं नवं? मी कुनाला सांगत न्हाई."

रुद्राणीने त्यांच्याकडे सरळ पाहिलं. डोळ्यांत भीती नव्हती.

"बापाच्याबी हातात देत न्हाई. तुमीच म्हनलात."

राग सवयीने नाकाच्या शेंड्यावर आला, क्षणभर घुटमळला आणि कुठे गेला ते कळलं नाही. आप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला त्यांनी फोन ओढला आणि सोलापूर लावलं.

"बंकटराव? दाजी बोलतोय. ते पत्र माझ्या लेकीनं लिवलेलं न्हाई. कावून म्हंजे? ती न्हाई म्हनली म्हनून." पलीकडून मेहुणे काहीतरी बोलत राहिले. आप्पांनी ऐकून घेतलं, लेकीकडे पाहिलं आणि म्हणाले, "आन् उद्यापासून तिच्या नावानं जे येईल ते तिनंच लिवलेलं असंल. त्यात शिव्या असल्या, तर बंकटराव, त्या तुमी खायच्या."