ओसाड पट्ट्यावरचा आवाज

मित्रांनो, मी एक जुना शॉर्टवेव्ह रेडिओ आहे आणि माझं कोणी कौतुक केलं की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. लोकांना वाटतं, म्हातारा विनयाने बोलतोय. विनय कसला! मला खरोखरच लाज वाटते. ती का वाटते, हे सांगायलाच आज तोंड उघडलं आहे. आजवर मी फक्त दुसऱ्यांचं बोलणं पोहोचवलं, स्वतःचं असं कधी बोललो नाही. तेव्हा मध्येच खरखर झाली तर सांभाळून घ्या.

माझा जन्म कारखान्यातला, पण मला पुन्हा उभं केलं ते दोन मित्रांनी. एक होते शिंपी. त्यांना सगळे मास्तर म्हणत. दुसरे त्यांच्या समोरच्याच फुटपाथवर दुकान असलेले चष्मेवाले. मास्तरांनी मला एका बंद पडलेल्या दुकानाच्या सामानातून उचलून आणलं, तेव्हा माझी बटणं गायब होती आणि डायलवरचे आकडे पार पुसट झाले होते. चष्मेवाल्यांनी एक भिंग घासून माझ्या डायलवर बसवलं. मास्तरांनी सुटाच्या उरलेल्या कापडाची मला गवसणी शिवली, आतून अस्तरसुद्धा लावलं. "गिऱ्हाइकांचे कपडे वेळेवर होत नाहीत आणि रेडिओला मात्र सूट!" असं मास्तरांची बायको म्हणायची. गच्चीवर पाण्याच्या टाकीपासून खांबापर्यंत माझी एरियलची तार ताणली गेली. तिच्यावर ओले टॉवेल वाळत घालायचे की नाही, यावरून त्या घरात किती वादावादी झाली, विचारू नका.

दोघांना छंद एकच, लांबची केंद्रं ऐकण्याचा. तीही सगळे ऐकतात ती नव्हेत. शॉर्टवेव्हवर काही पट्टे गजबजलेले असतात, एकावर एक केंद्रं दाटीवाटीने बसलेली असतात. त्यांच्या मध्ये मात्र लांबच लांब ओसाड पट्टे असतात. तिथे नुसती खरखर. लोक तिथून काटा भर्रकन पुढे नेतात. हे दोघे नेमका तिथेच मुक्काम ठोकायचे. काटा केसभर सरकवायचा, श्वास रोखून ऐकायचं, पुन्हा केसभर सरकवायचा. कित्येकदा आठवडाभर काही हाती लागत नसे. मग एखाद्या संध्याकाळी कुठल्याशा डोंगराळ गावचं चिमुकलं केंद्र लागायचं, कुणी बाई अनोळखी भाषेत काहीतरी वाचत असायची, आणि हे दोन पोक्त गृहस्थ एकमेकांच्या पाठीवर दणादण थापा मारायचे.

"काय कान आहेत रे तुझे, कानसेन!" चष्मेवाले म्हणायचे.

"तुझे काय कमी आहेत, चष्म्या?" मास्तर म्हणायचे.

मग हळूहळू एक गोष्ट माझ्या लक्षात आली. आवाज बारीक असला की मास्तर आधी हसायचे आणि चष्मेवाले त्यांच्याकडे बघून मागाहून. एका संध्याकाळी चष्मेवाल्यांनी माझा आवाज एकदम बंद केला.

"मास्तर, मला हल्ली नीट ऐकू येत नाही रे. कुणाला बोलू नकोस. गिऱ्हाइकांना कळलं तर म्हणतील, याचेच कान गेलेत, हा आमचे डोळे काय तपासणार!"

"वेडा आहेस का? मी कशाला बोलू?" मास्तर म्हणाले. त्यांनी ते अगदी मनापासून म्हटलं होतं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात ती भानगड झाली. चष्मेवाले परगावी गेले होते आणि मास्तर एकटेच माझ्यासमोर बसले होते. एका पार ओसाड पट्ट्यावर, जिथे आम्हाला आजवर चिटपाखरू भेटलं नव्हतं, तिथे माझ्यातून एक आवाज आला. पुरुषाचा, फाटका, लाटेसारखा वरखाली होणारा. भाषा अनोळखी. मागून कसलंसं तंतुवाद्य. केंद्राचं नाव काही ऐकू आलं नाही. पण त्या जागेच्या आसपास दूर समुद्रातल्या एका बेटावरचं केंद्र असतं, असं मास्तरांनी वाचलं होतं. आपल्या भागात ते कुणालाच कधी लागलं नव्हतं. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. "लागलं! अगं, बेट लागलं!" ते बायकोला हाका मारत सुटले.

गावात अशा ऐकणाऱ्यांचं एक मंडळ होतं. रविवारी शाळेच्या एका वर्गात त्यांची बैठक भरायची. त्या रविवारी मास्तर मला गवसणीसकट घेऊन गेले. मला बाईंच्या टेबलावर ठेवलं गेलं. टाळ्यांवर टाळ्या पडल्या. एकाने तर माझ्यावरून हात फिरवला. खरं सांगतो, मी फुगलो होतो.

तेव्हा मागच्या बाकावरून चष्मेवाले उठले, ते आदल्याच दिवशी परगावाहून परतले होते. "मास्तर, दुसऱ्या एखाद्या रेडिओवर ऐकून बघितलंस का? तू सांगितलेली जागा मी काल माझ्या रेडिओवर लावून बघितली, तिथे काहीच नाही."

प्रश्न साधा होता. या छंदातला कच्चा माणूससुद्धा हाच प्रश्न विचारेल. पण मास्तरांच्या कानात अजून टाळ्या वाजत होत्या.

"तुला कसं ऐकू येणार, चष्म्या? तू आता कानांनाही चष्मा लावून घे!"

सगळा वर्ग खो खो हसला. कुणाला काही ठाऊक नव्हतं, त्यांना वाटलं नेहमीची थट्टा आहे. चष्मेवाल्यांचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. त्यांनी टोपी उचलली आणि ते निघून गेले. मास्तरांच्या तोंडून शब्द निघून गेले होते, ते आता परत कसे घेणार?

त्यानंतर समोरच्या फुटपाथवरून कोणी आलं नाही. मास्तर रोज संध्याकाळी बेट लावायचे, पण एकट्याने पाठ थोपटून घेता येत नाही. "जाऊन बोला ना एकदा," बायको म्हणायची. "चूक त्याची आहे. त्याने चारचौघांत मला खोटं पाडलं," मास्तर म्हणायचे आणि माझा आवाज वाढवायचे.

मास्तरांच्या खिडकीतून गावाबाहेरचं मैदान दिसायचं. तिथे रेडिओचे उंच मनोरे होते आणि त्यांच्या टोकांवर लाल दिवे. तिथलं केंद्र परदेशातल्या लोकांसाठी परदेशी भाषांत बोलायचं, त्यामुळे गावात ते कोणी ऐकत नसे. उशाशी असलेलं केंद्र लांबचं ऐकणारा कशाला लावील? एका तिन्हीसांजेला मास्तर बेट ऐकत होते आणि सहज बाहेर बघत होते. मनोऱ्यांवरचे सगळे दिवे एकदम गेले. त्याच क्षणी माझ्यातला आवाज शब्दाच्या मध्येच तुटला.

 थोड्या वेळाने दिवे आले. आवाजही आला.

त्यांनी काटा सावकाश फिरवत मनोऱ्यांच्या खऱ्या जागेवर नेला. तिथे तोच माणूस, तेच वाद्य, पण खणखणीत, शेजारच्या खोलीत बसल्यासारखं.

मित्रांनो, याचं कारण मी होतो. जवळचं केंद्र फार जोरदार असलं की माझ्यासारख्या साध्या रेडिओत त्याचा आवाज आपल्या जागी तर येतोच, शिवाय दूर भलत्याच जागीही भुतासारखा उमटतो. चांगल्या रेडिओत, चष्मेवाल्यांच्या रेडिओसारख्या, तसं होत नाही. त्या केंद्राने त्याच हिवाळ्यात प्रसारणाची ही नवी सभा सुरू केली होती. बेट नव्हतंच. माझ्याच पोटातलं भूत मी मास्तरांना बेट म्हणून ऐकवलं होतं आणि वर टाळ्याही घेतल्या होत्या. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. मास्तरांनी मला गवसणी घातली. तिचं बटण लागता लागेना.

सकाळी दुकान न उघडता त्यांनी मला काखोटीला मारलं आणि रस्ता ओलांडला. चष्मेवाल्यांची मुलगी गल्ल्यावर होती. "या काका," ती तुटकपणे म्हणाली. मग मला बघून तिने आवाज खाली आणला. "बाबांसमोर रेडिओचं काही काढू नका. त्यांनी तो नाद सोडलाय. आपला रेडिओ पण विकायला काढलाय."

चष्मेवाले आत भिंग पुसत बसले होते. मास्तर उभेच राहिले.

"चष्म्या, मी नालायक माणूस आहे," ते मोठ्याने म्हणाले. "तू विश्वासाने सांगितलेलं मी चारचौघांत थट्टेवारी नेलं."

"सोड रे. खोटं थोडंच बोललास?" चष्मेवाले भिंगाकडेच बघत म्हणाले. "तू सांगितलेल्या जागेवर मी रोज कान लावून बसायचो. म्हटलं, एकदा तरी ऐकू येऊ दे, मग मास्तरकडे जाऊन सांगू, बाबा तुझंच खरं. पण नुसती खरखर. तुला येतंय, मंडळातल्या दोघांना तुझ्या घरी येतंय आणि मलाच येत नाही, म्हणजे संपलं. गेले माझे कान. मग बसून करायचं काय?"

मास्तर समोरच्या स्टुलावर बसले. मी त्यांच्या मांडीवर होतो, त्यांचा श्वास मला लागत होता.

"तिथे काहीच नाहीये रे, चष्म्या. कधीच नव्हतं. ते आपल्या मनोऱ्यांचं भूत होतं, फक्त ह्या डबड्यात येणारं."

चष्मेवाल्यांनी भिंग खाली ठेवलं. "काहीच नाही?"

"काहीच नाही. नुसती खरखर."

"म्हणजे..." चष्मेवाल्यांचा आवाज फुटला, "म्हणजे मला ऐकू येत होतं ते बरोबर होतं!"

ते हसायला लागले आणि हसता हसता रडायला लागले. बाहेरून मुलगी धावत आली. मास्तरांना मान वर करवत नव्हती.

पुढच्या रविवारी मास्तरांनी मंडळात उभं राहून सगळं सांगितलं. मी टेबलावरच होतो. या वेळी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आणि तेच मला बरं वाटलं.

मित्रांनो, जुन्या रेडिओची धूळ जरूर पुसा, त्याला ओलीत ठेवू नका. पण त्याने ऐकवलेलं सगळंच खरं मानू नका. आणि कोणी आपलं दुखणं विश्वासाने तुमच्या कानात सांगितलं, तर ते कानातच राहू द्या. माझ्यातला दोष एका मेकॅनिकने दुपारभरात बराचसा कमी केला. चष्मेवाल्यांनी आपला रेडिओ विकला नाही, ते पुन्हा येऊ लागले, आमच्या ओसाड पट्ट्यांवर पुन्हा मुक्काम पडू लागला. पण तेव्हापासून बारीकसा आवाज लागला की ते आधी मास्तरांच्या तोंडाकडे बघतात आणि हळूच विचारतात, "खरंच आहे ना रे?" त्या वेळी मास्तर खाली बघतात, आणि मीसुद्धा.