चौथ्या श्रेणीची पाळी

पाण्याचे मीटर तपासायच्या त्या खोलीत सकाळपासून नळ वाहत असायचे. लांब टेबलावर ओळीनं मीटर बसवायचे, त्यांतून मोजून शंभर लिटर पाणी सोडायचं आणि काटा शंभरावर थांबतो का ते पाहायचं. थांबला तर मीटर पास. आठ माणसं हे काम करत. त्यांच्या प्रमुख बाईंना सगळे ताई म्हणत. सगळ्यांत जुना कामगार कानसेन. काट्याकडे बघायच्या आधी तो मीटरला कान लावायचा आणि म्हणायचा, "हा दीड लिटर खातोय." खातच असायचा.

आता कंपनीचा नियम नीट समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. वर्षाच्या शेवटी ताईंनी प्रत्येकाच्या कामाला श्रेणी द्यायची, पहिली ते चौथी. श्रेणीनुसार पगारवाढ. पण गटातला एक जण चौथ्या श्रेणीत बसवायचाच, सगळ्यांनी उत्तम काम केलं असलं तरी. चौथ्याला वाढ नाही.

पहिल्या वर्षी ताईंना आठ दिवस घास गोड लागला नाही. शेवटी कानसेननंच तोड काढली. "पाळी लावा ना, ताई. शाळेत फळा पुसायची असायची तशी." आठ चिठ्ठ्या टाकल्या, क्रम ठरला. प्रत्येकानं आपल्या हातानं आपलं नाव लिहिलं आणि ती यादी चहाच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. ज्याची पाळी, तो त्या वर्षीचा नवरदेव. त्याला चहा पहिला, आणि लादी पुसणं माफ. शेऱ्याच्या रकान्यात ताई काहीबाही लिहायच्या, 'वेग कमी', नाहीतर 'लक्ष नाही'. पाच वर्षं असं निभावलं.

सहाव्या वर्षी परिपत्रक आलं. यापुढे श्रेणी दर सहा महिन्यांनी, आणि चौथ्या श्रेणीतला माणूस कामावरून कमी.

पाळी कानसेनची होती.

"चिठ्ठ्या परत टाकू," चहाच्या वेळी धाकटी म्हणाली. गटातली सगळ्यांत लहान म्हणून ती धाकटी.

"आणि तुझीच निघाली तर?" कानसेननं विचारलं. "बाकीच्यांनी आपापल्या पाळीला तोंड वाकडं केलं का? मग मी कशाला करू."

"काका, तेव्हा नुसती वाढ जायची."

"चहा घे. निवतोय."

माझं नाव घाला, असं कोणी म्हणालं नाही. सगळे कपात बघत राहिले. ताईही. संध्याकाळी त्यांनी रकान्यात 'वेग कमी' लिहिलं. कानसेननं वाचून खाली सही केली. "हे बरं लिहिलंत," तो म्हणाला. "गुडघे दुखतातच हल्ली."

तो गेला. त्याचं स्टूल टेबलाशी तसंच राहिलं. ताईंना वाईट वाटायला हवं होतं, पण काहीच वाटत नव्हतं. त्या वेळेवर यायच्या, काटे वाचायच्या, घरी जाऊन जेवायच्या, झोपायच्या. असे सहा महिने गेले. सात जणांतही एक चौथा हवाच होता, आणि यादीत पुढचं नाव धाकटीचं होतं. ते रोज कोणाच्या डोळ्यांसमोर येऊ नये म्हणून ताईंनी यादी काढून पर्समध्ये ठेवली होती.

ताईंचा सख्खा धाकटा भाऊ त्याच कंपनीच्या मुख्य कचेरीत होता. पगाराची आणि श्रेण्यांची ही पद्धत त्यानंच आखलेली. म्हणूनच घरात कामाचं बोलायचं नाही, असं दोघांनी ठरवलं होतं. त्या रविवारी जेवायला आला तेव्हा मात्र त्याच्याच्यानं राहवलं नाही.

"ताई, उद्या संचालकांपुढे माझा अहवाल आहे. त्यात तुझ्या विभागाचं उदाहरण घेतलंय."

"कसलं?"

"पाच वर्षं दरवर्षी चौथा माणूस वेगळा. आणि चौथा आलेला पुढच्या वर्षी थेट दुसऱ्या श्रेणीत. एकदा टोचलं की माणूस सुधारतो. इतके साफ आकडे कुठल्याच विभागाचे नाहीत. ते बघूनच तर नियम कडक करायचं ठरलं."

भाजी वाढता वाढता ताईंचा हात थांबला. मग त्यांनी भाजी वाढली, हात धुतला, पर्स आणली आणि यादी त्याच्या ताटाशेजारी ठेवली. आठ नावं, आठ वेगवेगळी हस्ताक्षरं, पुढे वर्षं.

वाचायला त्याला फार वेळ लागला नाही. भाजी तशीच राहिली.

"खोटे शेरे लिहिलेस."

"हो."

"टेबलावर आठ मीटर लावले आणि आठही बरोबर निघाले," ताईच पुढे म्हणाल्या, "तर एक फोडून आणू का मी?"

"ती यंत्रं आहेत, ताई."

"त्यांचा नियम आपल्यापेक्षा बरा आहे."

"हे वर गेलं तर तुझी नोकरी जाईल."

"जाईल."

"त्या म्हाताऱ्याला परत घेतील असं वाटतं तुला?"

"नाही."

"मग कशाला?"

"पुढचं नाव धाकटीचं आहे."

त्यानं यादी दुमडली, परत उलगडली. "मी ही दाखवलीच पाहिजे असं नाही," तो हळूच म्हणाला.

"ते तू बघ. मी उद्या लिहिणार आहे."

सोमवारी ताईंनी संगणकावर श्रेणीचा अर्ज उघडला. सहा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी सगळे शेरे खरे लिहिले. चौथ्या श्रेणीचा रकाना कोरा ठेवला आणि कारणाच्या जागी लिहिलं: 'सातही जण नीट काम करतात. मागचे सहा शेरे खोटे होते. ते लिहिणारी मीच.' मग बटण दाबलं. पडद्यावर लाल अक्षरं आली: 'चौथी श्रेणी भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.'

ताईंनी ती वाचली. हात मांडीवर ठेवले आणि बसून राहिल्या.

धाकटी दारात आली. तिचा चेहरा उतरलेला होता, पण आवाज तिनं थट्टेचाच ठेवला. "ताई, चहा टाकतेय. पहिला कोणाला द्यायचा?"

"कोणालाच नाही," ताई म्हणाल्या. "सगळ्यांना एकदमच दे."