मास्तरांची दाद

टेलरमास्तरांनी जन्मात कुणाच्या कामाला चांगलं म्हटलं नाही. वाहवा केली की हात सैल पडतो, असं त्यांचे उस्ताद सांगायचे. मास्तरांनी ते इतकं मनावर घेतलं, की दुकानातली शिस्त घरीही आणली. कारागिराने काज कितीही सुबक केलं तरी मास्तर म्हणणार, "ठीक आहे, दोरा जरा ओढलायस." आणि सणासाठी बायकोने चीजची खारी बिस्किटं भाजली, की अख्खी बशी फस्त करून वर मिशीत हसत, "जमलीत तशी. जरा करपट लागतायत, नाही?" करपलेली वगैरे काही नसायची. पण खोट काढल्याशिवाय राहतील तर ते मास्तर कसले!

बायको हसण्यावारी न्यायची. तिला स्वतःच्या जिभेचा भरवसा होता. पण यंदा तिला मोठा ताप आला, आणि जाताना चव नि वास दोन्ही घेऊन गेला. आता चहा काय आणि गरम पाणी काय, तिला सारखंच.

अशात लेकीचा फोन आला. "आई, सणाला येतोय. बिस्किटं हवीतच हं, पोरांना केव्हाची कबूल केलीत." लेक कितीतरी वर्षांनी येणार, नाही कोणत्या तोंडाने म्हणायचं?

सकाळीच ती कामाला लागली. मैद्यात गार लोणी चोळलं, चीज किसून घातलं, मिरपूड घातली, पिठाची वळकटी फ्रिजमध्ये ठेवून अर्धीच्या चकत्या कापल्या. हातांना सगळं ठाऊक होतं. पहिला ट्रे ओव्हनमधून निघाला तेव्हा मात्र ती बावरून उभी राहिली.

"अहो, बघता का जरा खाऊन? मला मेलीला काही कळत नाही."

मास्तरांनी एक तोंडात टाकलं. खुसखुशीत, खरपूस, मागून मिरीचा चटका. त्यांना भरून आलं. "फार छान झालीत गं."

तिचा चेहरा उतरला. "इतकी बिघडलीत?"

"अगं, नाही! देवाशपथ छान आहेत."

"राहू द्या हो. एवढ्या संसारात कधी छान म्हणालात? आज म्हणताय म्हणजे कीव करताय माझी."

"तेव्हाही छानच व्हायची. मीच दीडशहाणा, बोललो नाही."

मास्तर जितकं गोड बोलत, तितका तिचा संशय वाढे. उरलेली वळकटी ती कचऱ्यात टाकायला निघाली, तशी त्यांनी ती हातातून काढून घेतली. त्यांना उस्तादांचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

"पोरांनी तोंडं वाकडी केलेली मला नाही बघवणार," ती म्हणाली. मग काय वाटलं कुणास ठाऊक, चार बिस्किटं बशीत घेऊन तिने समोरच्या नर्सबाईंचं दार वाजवलं. नर्सबाई नुकत्याच राहायला आल्या होत्या, धड ओळखही नव्हती. मास्तर वळकटी धरून आपल्या दारात उभे राहिले.

"अगंबाई, काय सुरेख झालीत!" पलीकडून आवाज आला. "आणखी आहेत का हो?"

"खरंच? खरंच ना?" बायकोचा आवाज असा फुलला, की मास्तरांनी मान खाली घातली.

ती लगबगीने परत आली, त्यांच्या हातातली वळकटी घेतली, सुरी काढली. "अहो, चांगली झालीत म्हणे!"

"हो का," मास्तर म्हणाले.