चार मिनिटांची वेणी

पार्लर चालवून मला एकवीस वर्षं झाली. नखरेल बायका, रडकी पोरं, नवऱ्याशी भांडून रागारागात केस कापायला आलेल्या, सगळं बघितलंय. पण परवा सकाळी आलेला तो बाप जेवढा डोक्यात गेला, तेवढं कुणीच गेलं नव्हतं.

सोबत सहा-सात वर्षांची मुलगी. पाठभर केस, आणि त्यांचा नुसता गुंता. "मानेपर्यंत कापा," बाप म्हणाला. मुलीने दोन्ही हातांनी केस घट्ट धरले आणि भोकाड पसरलं.

दुसरा कुणी खेकसला असता, नाहीतर त्याने चॉकलेट पुढे केलं असतं. हे गृहस्थ मांडी घालून खाली बसले, मी नुकत्याच पुसलेल्या फरशीवर. "पिल्लू, तुला आत्ता खूप मोठी भावना आलीय," घरी पाहुणे आल्याच्या थाटात म्हणाले. "आपण तिला नाव देऊ या. राग आहे की भीती?"

"मला नाही कापायचे."

"ती झाली इच्छा. भावना कुठली?"

पोरगी बिचारी हुंदके देत विचार करायला लागली. मग म्हणाली, "आई बदलीच्या गावाहून येईल तेव्हा केस कंबरेपर्यंत आलेले असतील, असं आमचं ठरलंय. ती तेव्हा वेणी घालणार आहे. मला वाईट वाटतंय."

"शाब्बास. किती छान सांगितलंस. तुझ्या वाईट वाटण्याला इथे पूर्ण जागा आहे." आणि लगेच माझ्याकडे वळून, "मानेच्या जरा वरच घ्या."

मी कंगवा खाली ठेवला. कापायचे कशाला, विचारलं. तर म्हणे रोज सकाळी शाळेआधी विंचरताना रडारड होते, त्यांना वेणी येत नाही, दोघांनाही ताण येतो. "आम्ही मिळून ठरवलंय."

"मी नाही ठरवलं," मुलगी म्हणाली.

"तुला दोन फोटो दाखवले होते ना? त्यातला एक तूच निवडलास."

दोन्ही फोटो मला दाखवले. दोन्हींत केस आखूडच.

"अहो, वेणी चार मिनिटांत होते," मी म्हटलं. "उभे राहा इथे, शिकवते. कुणालाही जमते."

त्यांनी घड्याळ बघितलं. अकराला मीटिंग होती. भावनेची चौकशी करण्यात पंचवीस मिनिटं घालवली होती, चार मात्र नव्हती. "केस हा मुद्दाच नाहीये," मला समजावू लागले. "मी तिच्या भावना सांभाळतोय."

"तिचा मुद्दा केसच आहे."

ते हसले. आपण वाचलंय आणि समोरचीने वाचलेलं नाही, असं वाटल्यावर माणसं हसतात ना, तसं. "तुमच्या पिढीला हे जरा जड जातं," म्हणाले. संताप असा आला की काय सांगू.

मुलगी माझ्याकडे बघत होती. मी नाही म्हणेन, एवढीच तिची आशा उरली होती. म्हणायला हवं होतं. पण बाप तिचा, गिऱ्हाईक माझं, आपण कशाला मध्ये पडा, असं म्हणत मी कात्री उचलली. ती स्वतःच खुर्चीवर चढून बसली. नंतर एकदाही रडली नाही. दुसऱ्याला शहाणपण शिकवायला मी पुढे, आणि कापणारीही मीच.

काम झाल्यावर बाप तिच्यासमोर उकिडवा बसला. "आता कसं वाटतंय, पिल्लू?"

तिने आरशात पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं.

"छान वाटतंय, बाबा."

"बघितलंत?" त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. "ऐकून घेतलं की मुलं शांत होतात."

बघितलं की. तो सूर माझ्या चांगला ओळखीचा आहे. मी केस बिघडवले की बायका आरशात बघून अशाच गोड आवाजात छान झालेत म्हणतात, आणि पुन्हा कधी माझ्याकडे येत नाहीत.