परक्या देशात साक्षीला नेलेली तागडी

मित्रांनो, मी एक जुनी तागडी आहे. भाजीवाल्या बाईच्या हातात तुम्ही तराजू पाहिला असेल. मी तसाच एक तराजू, पण आमच्या वऱ्हाडात मला तागडी म्हणतात. मधोमध शिसवी लाकडाची दांडी, दोन्ही टोकांना अंबाडीच्या दोऱ्या आणि त्यांना टांगलेली दोन पितळी पारडी, एवढाच माझा देह आहे. दोन्ही बाजूंना जे असेल ते जसेच्या तसे दाखवणे, हे एकच काम मी जन्मभर केले. म्हणूनच माझ्याकडून पुढे जे करवून घेतले गेले, ते मला अजूनही सोसवत नाही.

अकोल्याच्या एका तांबटाने माझी पारडी ठोकून घडवली. मला विकत घेतले माणिकबाईने. जठारपेठेतल्या भाजीबाजारात ती वांगी, मिरच्या आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, विकत असे. तिचा नवरा लवकर वारला होता आणि देवमन हा एकुलता एक मुलगा तिच्यापाशी उरला होता. त्यांचे घर देवमनच्या आजोबांपासून ख्रिस्ती होते, त्यामुळे रविवारी ती दुकान लावत नसे. इतर दिवशी मात्र सूर्य वर येण्याआधी मी तिच्या हातात असे. माल तोलून झाला की ती आणखी एक वांगे गिऱ्हाइकाच्या बाजूला टाकी. त्या एका वांग्याने माझे पारडे खाली गेले की मला मोठा अभिमान वाटे.

फादर अन्सेल्मो याच बाजारात आमच्या ओळखीचे झाले. ते स्पेनहून आलेले तरुण धर्मगुरू होते. राहायचे अमरावतीला, पण पंधरवड्यातून एकदा अकोल्याला येत. मराठी शिकण्यासाठी त्यांनी पुस्तक बाजूला ठेवले आणि माणिकबाईच्या शेजारी रिकाम्या पोत्यावर बैठक मारली. वांगी उलटीपालटी करीत ते दर वेळी नवा शब्द विचारीत.

"फादर, तुमी वांगे घेऊन राहिले का मोती पारखून राहिले?" माणिकबाई म्हणे.

"मले किडकं वांगं नाही पाह्यजे, बाई."

"किडकं मी देवालेही देत नाही, तुमाले काहून देईन जी?"

सारा बाजार हसे, आणि फादर सर्वांत मोठ्याने हसत. वर्षभरात ते अस्सल वऱ्हाडी बोलू लागले. माणिकबाईच्या घरी ते पिठलं-भाकर जेवले. देवमनला त्यांनीच अमरावतीला नेले. तिथे त्याचे पहिले शिक्षण झाले. तो पहाटेची घंटा वाजवी, प्रार्थना पाठ करी, दवाखान्यात लोकांच्या जखमा धुवी. आपण धर्मगुरू व्हायचे आणि अंजनगाव सुर्जीकडच्या खेड्यांत, जिथे डॉक्टर पोहोचत नाही तिथे जाऊन राहायचे, हे त्याने तेव्हाच मनाशी ठरवले होते.

पुढील अभ्यासासाठी त्याला स्पेनला न्यायचे ठरले, तेव्हा नवी किलोची मापे नुकतीच आली होती. माणिकबाईने सरकारी शिक्क्याचा लोखंडी तराजू घेतला आणि मी खुंटीवर गेले. त्याच्याबरोबर स्पेनला जाणारे फादर निरोप घ्यायला आले, तेव्हा त्यांची नजर माझ्यावर पडली.

"बाई, हे तागडी आमाले द्या. तिकडच्या लोकायले दाखवू, देवमनची माय कशी मेहनत करते ते."

"न्या जी. पोराच्या नजरेसमोर राहीन. पण त्याले परत आणसान ना?"

"आणीन. फादर होऊन येईन तो."

मित्रांनो, मी आनंदाने त्या प्रवासाला निघाले. माणिकबाईची मेहनत दाखवण्याचे काम माझ्याकडे आले होते. त्याहून मोठा मान एखाद्या तागडीला कोणता मिळणार?

स्पेनच्या एका थंड पठारावरच्या गावी धर्मगुरू घडवणारे विद्यालय होते. देवमनच्या खोलीत मी खिळ्याला टांगलेली असे. स्पॅनिशमधला पहिला शब्द तो माझ्याकडे बोट दाखवून शिकला. मला तिथे 'बालान्था' म्हणतात. तो जीभ दातांबाहेर काढून पुन्हा पुन्हा तो शब्द घोके आणि स्वतःशीच हसे. साबणाला आणि कमीजला तिथले शब्द आपल्या शब्दांच्या जवळचे निघाले, तेव्हा त्याला गावचे कोणी भेटावे तसा आनंद झाला. मग 'मादरे' म्हणजे आई. 'बेंदे' म्हणजे विकते. तो मोठ्याने पाठ करी आणि त्याच्याबरोबर मीही शिके.

रविवारी दुपारी फादर त्याला आसपासच्या गावांतल्या सभांना नेत. वऱ्हाडातल्या दवाखान्यासाठी लोकांनी मदत करावी, म्हणून या सभा असत. देवमनला धोतर नेसवून डोक्याला लाल फेटा बांधत. त्याने अकोल्यात कधी फेटा बांधला नव्हता.

"माय पाहीन तर म्हणीन, कोणाच्या वरातीतला नवरदेव हाय?" तो फादरांना म्हणाला होता.

फादर बोलू लागत. मधेच ते मला हातात धरून उंच करीत. त्यांच्या बोलण्यातले 'मादरे', 'बेंदि...' आणि 'बालान्था' एवढे शब्द देवमनच्या कानी पडत. माझी आई या तागडीने भाजी विकते हेच फादर सांगत आहेत, असे तो समजे आणि हसून मान डोलवी. समोरच्या बाया पदरासारख्या काळ्या रुमालाने डोळे पुसत. भाजी विकणाऱ्या बाईचे या लोकांना इतके कसे वाटते, याचे त्याला नवल वाटे. मलाही वाटे.

एका सकाळी वर्गात भूतकाळ शिकवला. 'बेंदे' म्हणजे विकते, 'बेंदिओ' म्हणजे विकले. आणि आधी येणारा छोटासा 'लो' म्हणजे 'त्याला'. देवमन खोलीत येऊन धडा म्हणू लागला. "लो बेंदिओ," तो म्हणाला. तिने त्याला विकले. मग तो थांबला. हे दोन शब्द त्याने वहीत पाहण्याआधी कितीतरी वेळा ऐकले होते.

पुढच्या रविवारी तो हसला नाही. प्रत्येक शब्द वेचून ऐकत राहिला. फादर सांगत होते की, या मुलाच्या आईने दुष्काळात त्याला या तागडीत घातले, जोंधळ्याच्या बदल्यात तोलले आणि विकले. आम्ही त्याला सोडवून आणले. ज्या दांडीवर माणिकबाईने कधी कुणाला मिरचीभर कमी दिले नाही, ती दांडी तिच्याविरुद्ध साक्ष म्हणून लोकांना दाखवली जात होती. मला वाचा असती, तर मी तिथेच ओरडले असते.

सभा संपल्यावर देवमनने त्यांना गाठले. त्या देशात ते दोघे एकमेकांशी वऱ्हाडीतच बोलत.

"फादर, माह्या मायनं मले इकलं?"

फादर दचकले. मग त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बाबू, तुही माय भाजी इकते, असं सांगतलं तर कोणी रडत नाही. अंजनगावकडं दवाखाना पाह्यजे ना आपल्याले?"

"पण ते खोटं हाय."

"तिले कोण सांगते? तिले स्पॅनिश कुठं येते?"

मित्रांनो, हे वाक्य ते रागाने बोलले नाहीत. समजूत घालावी तितक्या मायेने बोलले. म्हणूनच ते मला अधिक लागले.

त्यानंतरच्या सभेत फादरांनी मला उचलण्याआधी देवमनने उचलले. मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये तो म्हणाला, "माझ्या आईने मला विकले नाही. ती वांगी विकते. ती जिवंत आहे. ही तागडी तिने स्वतः दिली. फादर तिच्या घरी जेवले आहेत." मग टाळ्यांचा कडकडाट झाला. एवढ्या थोड्या काळात हा किती सुंदर बोलतो, म्हणून! एका वृद्ध बाईने पुढे येऊन त्याचा गाल कुरवाळला आणि म्हटले, "बिचारा! विकणाऱ्या आईलाही अजून जपतो."

त्या विद्यालयात आज्ञापालन फार मोठे मानत. देवमनला धर्मगुरूच्या जीवनासाठी अयोग्य ठरवून परत पाठवण्यात आले. मला त्याने आपल्या कपड्यांत गुंडाळून आणले.

परत का पाठवले हे त्याने आईला सांगितले नाही. तो मुकाट्याने तिच्या दुकानावर बसू लागला. समोर पालेभाजी विकणारी जाईबाई एकदा सर्वांदेखत म्हणाली, "काहो माणिकबाई, पोरगं पादरी व्हाले गेलं होतं ना? समुद्र पाहून आलं अन् वांग्यावर बसलं!" माणिकबाईने मान वर केली नाही. मुलानेच काहीतरी चूक केली, असे तिने धरून ठेवले होते.

मग हिवाळ्यात फादर अन्सेल्मो अकोल्याला परतले आणि एके दिवशी दुकानापाशी येऊन उभे राहिले. माणिकबाई लगबगीने उठली. तिने हात जोडले.

"फादर, पोरगं चुकलं असंन. त्याले पदरात घ्या. पुन्हा नेसान ना त्याले?"

"माय, हात जोडू नको," देवमन म्हणाला.

"काहून?"

तेव्हा मात्र त्याने सांगितले. "यायनं तिथं लोकायले सांगतलं का तू मले आपल्या तागडीत तोलून इकलं. जवारीसाठी."

माणिकबाई ओरडली नाही. तिने जोडलेले हात सोडले. "फादर, हे खरं हाय का जी?"

फादर खाली पाहू लागले.

"तिथं जे सांगतलं, ते एकडाव माह्यासमोर मराठीत सांगा. मले आयकू द्या."

आमच्या भाषेत वांग्यासाठी घासाघीस करणारा, थट्टेला थट्टेने उत्तर देणारा तो माणूस. ते मराठीत सांगण्याऐवजी तो स्टेशनच्या वाटेला लागला.

माणिकबाई मुलाला म्हणाली, "त्या तागडीच्या पारड्यात दुधी मावत नव्हता रे. पोरगं कसं मावलं, हे तिथं एकानंही इचारलं नाही?"

"नाही, माय."

"मंग शायने लोक कायचे ते?"

मित्रांनो, माझी निगा राखा असे सांगण्यासाठी मी बोलले नाही. पितळ चिंचेने घासले की पुन्हा उजळते. पण दूर देशी कुणाचे नाव काळे झाले, तर ते घासायला तिथवर कोण जाणार? म्हणून जो समोर नाही आणि ज्याला तुमची भाषा येत नाही, त्याच्याविषयी बोलताना तो समोर बसला आहे असे समजून बोला. माणिकबाई पुढे पुष्कळ वर्षे जठारपेठेत भाजी विकत होती आणि सारा बाजार तिला मानत होता. त्या थंड पठारावरच्या गावांत मात्र ती अजूनही पोटचा मुलगा विकणारी बाई आहे.